बीएमडब्ल्यू-मर्सिडीजला बाहेरची अलॉय बसवताय? ऑफसेटचं गणित आधी करा

वळसंगच्या अलीकडचा गतिरोधक. गाडीत आम्ही पाच जण, अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला निघालेलो, डिकीत जेवणाचे डबे आणि पाण्याचा मोठा कॅन. गाडी गतिरोधकावरून खाली बसली आणि पुढच्या डाव्या चाकातून खर्रकन आवाज आला. उतरून पाहिलं तर टायरच्या बाहेरच्या खांद्यावरचं रबर बोटभर सोलून निघालं होतं आणि फेंडरची आतली कड घासून चकचकीत झाली होती. नवीन अलॉय बसवून जेमतेम चार दिवस झाले होते.

विकणारा म्हणाला होता, "पीसीडी जुळतंय की साहेब, बसतंय." पीसीडी म्हणजे बोल्टांची भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याचं माप. बसलं खरंच. पाचही बोल्ट सरळ आत गेले. पण रिमवर ईटी २० लिहिलं होतं आणि माझ्या बीएमडब्ल्यू थ्री सिरीजच्या कंपनीच्या रिमवर ईटी ३७. या दोन आकड्यांमधला फरक मला त्या वेळी कळत नव्हता आणि त्यानेही सांगितला नाही. पुढची दोन वर्षं मी हा विषय नीट शिकलो. आता सोलापुरात ओळखीतलं कुणी जुनी लक्झरी गाडी घेऊन चाकं बदलायचं म्हणालं की मी त्याला आधी वही-पेन घेऊन बसवतो. इथे तेच क्रमाने लिहितोय.

आधी आपल्या गाडीची चाकं वाचा

दुकानात जाण्याआधी कंपनीचं एक चाक काढा आणि त्याची मागची बाजू पाण्याने धुवा. आऱ्यांच्या मागे किंवा मधल्या चकतीजवळ कोरलेले आकडे दिसतील. माझ्या एफ३० (हे कंपनीने त्या पिढीला दिलेलं सांकेतिक नाव) थ्री सिरीजवर ७.५ जे × १७ ईटी ३७ असं आहे. ७.५ ही रिमची इंचातली रुंदी, जे ही तिच्या कडेच्या आकाराची खूण, १७ हा व्यास आणि ईटी म्हणजे ऑफसेट, मिलिमीटरमध्ये. ईटी हे एका जर्मन शब्दाचं छोटं रूप आहे, म्हणून जर्मन गाड्यांवर ते हमखास सापडतं.

ऑफसेट म्हणजे काय, तर रिमच्या रुंदीची बरोबर मधली रेषा आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला) टेकणारा सपाट भाग यांच्यातलं अंतर. टेकणारा भाग मधल्या रेषेपेक्षा गाडीच्या बाहेरच्या बाजूला असेल तर ऑफसेट धन. आजकालच्या जवळपास सगळ्या गाड्यांचा धनच असतो. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत जातं. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. एवढं एक वाक्य पाठ केलंत तरी पुष्कळ आहे.

सेकंडहँड रिमवरचा आकडा पुसला गेला असेल तर तो मोजून काढता येतो. रिम पालथी घाला, मागच्या काठावर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजा. मग रिमची काठापासून काठापर्यंतची एकूण रुंदी मोजा. ती नावाच्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच जास्त भरते, कारण ८ जे म्हणजे टायर बसतो त्या जागेची रुंदी, बाहेरच्या कडा त्यात धरत नाहीत. एकूण रुंदी २२८ आणि खोली १४८ आली, तर १४८ उणे ११४, म्हणजे ईटी ३४. लोखंडी स्टील टेप वापरा, शिवणकामाची नको.

आता वही घ्या

सगळ्या कामाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडं सावकाश वाचा. नुसता ईटी बघून काहीच कळत नाही, कारण रुंदी बदलली की रिम दोन्ही बाजूंना वाढते. म्हणून दोन आकडे काढायचे: हबपासून चाक बाहेर किती येतं आणि आत किती जातं.

रिमची रुंदी इंचात घ्या, २५.४ ने गुणा, निम्मी करा. त्यातून ईटी वजा केला की बाहेरचा आकडा. त्यातच ईटी मिळवला की आतला आकडा.

माझ्या १७ च्या चाकाचं निम्मं ९५.२५. बाहेर ९५.२५ उणे ३७, म्हणजे ५८. आत ९५.२५ अधिक ३७, म्हणजे १३२. आता विक्रेत्याने दिलेलं ८.५ जे, ईटी २०. निम्मं १०७.९५. बाहेर ८८, आत १२८. म्हणजे चाक आधीपेक्षा तब्बल ३० मिलिमीटर बाहेर आलं होतं. वर टायर २४५ मिलिमीटर रुंदीचा. पाच माणसं बसल्यावर ते फेंडरला लागणारच होतं. दोन मिनिटांच्या या बेरीज-वजाबाकीने माझा टायर वाचला असता.

पुढची गोष्ट मला फार उपयोगी पडली. आपल्याच मॉडेलवर कंपनीने कोणकोणती चाकं दिली आहेत ते शोधा आणि त्यांचं गणितही करा. त्या गाडीच्या घडणीत किती जागा आहे, हे कंपनीनेच तुम्हाला सांगून ठेवलेलं असतं. एफ३० वर कंपनीच्या १८ इंची चाकांचा एक संच पुढे ८ जे ईटी ३४ आणि मागे ८.५ जे ईटी ४७ असा येतो. पुढचं चाक माझ्या १७ च्या चाकापेक्षा ९ मिलिमीटर बाहेर आणि ३ मिलिमीटर आत जातं. मागचं मात्र फक्त पावणेतीन मिलिमीटर बाहेर आणि जवळपास २३ मिलिमीटर आत. याचा अर्थ असा की या गाडीला पुढे थोडी जागा बाहेरच्या अंगाला आहे आणि मागे खरी जागा आतल्या अंगाला. बाजारात चारही चाकं एकाच ईटीची मिळतात, ती बघताना हे डोक्यात ठेवा.

एफ३० साठी सर्रास पुढे केलं जाणारं माप म्हणजे ८.५ जे ईटी ३५. गणित केलं तर १७ च्या मूळ चाकापेक्षा १५ मिलिमीटर बाहेर, ११ आत. म्हणजे पुढे कंपनीच्या १८ पेक्षाही ५ मिलिमीटर बाहेर आणि ७ आत. बसतं, अनेकांनी बसवलंय. पण कुटुंबासकट खेड्यापाड्यातून गाडी फिरवणाऱ्याला मी ८ जे ईटी ३४ च सुचवेन.

हेच ८.५ जे ईटी ३५ माप कुणी मर्सिडीजच्या डब्ल्यू२०५ सी-क्लासला सुचवलं तर तिथून उठा. त्या गाडीची कंपनीची १७ इंची रिम ७ जे ईटी ४८.५ आहे. बाहेरचा आकडा ४०. नव्या रिमचा ७३. म्हणजे ३३ मिलिमीटर बाहेर! एका गाडीवर शोभणारा आकडा दुसरीवर टायर सोलतो. म्हणून 'ईटी ३५ सगळ्याला चालतं' हे वाक्य कानावर आलं की सावध व्हा.

चाक बाहेर आलं तर बिघडतं काय?

घासणं ही दिसणारी अडचण. न दिसणाऱ्या त्याहून जास्त आहेत. पुढच्या चाकाच्या वळण्याची जी कललेली रेषा असते, ती जमिनीला जिथे भेटते आणि टायर जमिनीला जिथे टेकतो, त्या दोन बिंदूंमधलं अंतर इंजिनिअरांनी विचारपूर्वक ठरवलेलं असतं. चाक बाहेर सरकलं की ते अंतर बदलतं. मग स्टेअरिंग जड लागतं, रस्त्यावरच्या चाकोऱ्यांमागे गाडी ओढली जाते आणि एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग हातात झटका देतं. गळीत हंगामात मोहोळ, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी डांबरात पाडलेल्या चाकोऱ्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. हबच्या बेअरिंगवरही ताण वाढतो, कारण वजन त्याच्यापासून लांब लटकतं. लांब दांड्याने पाना फिरवावा तसा हा प्रकार आहे.

माझा नियम असा: चाकाची मधली रेषा कंपनीच्या जागेपासून ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू द्यायची नाही. म्हणजे ईटीमधला फरक ५ च्या आत. रुंदी वाढवायची तर दोन्ही बाजूंना सारखी वाढू द्या.

गाडीवरची जागा मोजा

हे काम स्वतःच्या अंगणात करता येतं. गवंड्याकडचा ओळंबा मागून आणा. नाहीच मिळाला तर दोऱ्याला जड नट बांधा. गाडी सपाट जमिनीवर, स्टेअरिंग सरळ. फेंडरच्या कमानीच्या बरोबर मध्यावर दोरा चिकटपट्टीने लावून खाली सोडा आणि दोऱ्यापासून टायरच्या सगळ्यात फुगीर भागापर्यंतचं अंतर मोजा. बाहेरच्या बाजूची उरलेली जागा ती. तुमच्या गणितातली वाढ त्यातून वजा करा. टायर रुंद घेणार असाल तर त्याच्या वाढीचा निम्मा भागही वजा करा, म्हणजे २२५ चा २४५ झाला तर आणखी १०. शेवटी निदान ५ मिलिमीटर उरले पाहिजेत. चाक फेंडरच्या बाहेर डोकावतं, असं तर अजिबात नको. चिखल-खडी उडून दरवाज्याचा रंग जातो आणि आरटीओच्या नजरेत गाडी भरते ती वेगळीच.

आतल्या बाजूला टायर आणि शॉकअपचा खांब यांच्यामधली फट बोटाने नीट कळत नाही. मी शाडूच्या मातीचा गोळा वापरतो. गणपतीच्या दिवसांनंतर घरात असतोच. तो खांबाला चिकटवायचा, चाक लावायचं, हाताने एक फेरा फिरवायचं, चाक काढायचं. मातीवर टायरने दाबलेला ठसा उमटतो. उरलेल्या मातीची जाडी मोजली की फट समजली. ठसा उमटलाच नाही तर गोळ्याच्या जाडीपेक्षा फट मोठी आहे. स्टेअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून हेच परत करा, कारण वळल्यावर टायरचा मागचा खांदा लायनरकडे, म्हणजे फेंडरच्या आतल्या अस्तराकडे, सरकतो.

पीसीडी, मधलं भोक आणि बोल्ट

पीसीडीत तडजोड नाही. एफ३० आणि एफ१० पिढीच्या बीएमडब्ल्यू ५×१२०, त्यानंतरच्या जी२०, जी३० अशा नव्या ५×११२, बहुतेक मर्सिडीज आणि ऑडी ५×११२, बहुतेक व्होल्वो आणि जग्वार ५×१०८, लेक्ससच्या बऱ्याच गाड्या ५×११४.३. ५×११४.३ ची रिम ५×१२० वर 'ताणून' बसवून देणारे लोक आहेत. त्यांच्या दुकानात पुन्हा पाऊल ठेवू नका.

मधल्या भोकाकडे मात्र लक्षच दिलं जात नाही. एफ३० चा हब ७२.६ मिलिमीटरचा, मर्सिडीजचा आणि ऑडी ए४, ए६ चा ६६.५ च्या आसपास, ऑडी ए३ चा ५७.१. बाजारातल्या रिमचं भोक मुद्दाम मोठं ठेवलेलं असतं, म्हणजे एकच साचा अनेक गाड्यांना चालतो. मधली पोकळी भरायला रिंग लागते. रिंग नसली की चाक फक्त बोल्टांवर मध्यावर यायला बघतं, आणि ताशी ९०-१०० ला स्टेअरिंग थरथरतं. मग माणूस तीनदा बॅलन्सिंग करून घेतो आणि कंटाळतो. रिंग ॲल्युमिनियमची घ्या. प्लॅस्टिकची ब्रेकच्या उष्णतेने मऊ पडते, आणि आपल्याकडचा मे महिना तिला काही मदत करत नाही.

बोल्टांचं डोकं तपासा. मर्सिडीज आणि ऑडीच्या कंपनीच्या बोल्टांची बसायची जागा गोल, चेंडूसारखी असते. बीएमडब्ल्यूची निमुळती, शंकूसारखी. बाजारातल्या बहुतेक अलॉयना शंकूचे बोल्ट लागतात. गोल बोल्ट शंकूच्या भोकात घातला तर तो फक्त एका बारीक कडेवर टेकतो, वरून घट्ट वाटतो आणि चालता चालता सैल होतो. मर्सिडीजवाल्यांनो, नवीन रिमसोबत योग्य बोल्टही घ्या. लांबीही बघा. नवीन रिमचा हबला टेकणारा भाग जाड असेल तर जुना बोल्ट आखूड पडतो. एफ३० च्या १४ × १.२५ बोल्टचे हाताने निदान नऊ फेरे आत गेले पाहिजेत.

स्पेसरबद्दल, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायच्या चकतीबद्दल, एवढंच: जितक्या मिलिमीटरचा स्पेसर, तितका ईटी कमी. चुकीची रिम घेऊन स्पेसरने ती दुरुस्त करण्यापेक्षा बरोबर ईटीची रिम आणायला पुण्याची एक चक्कर मारलेली परवडते.

किती इंच घ्यायचं

मूळ टायर २२५/५० आर १७ (रुंदी २२५ मिलिमीटर, बाजूची भिंत रुंदीच्या ५० टक्के, रिम १७ इंची) चा व्यास ६५७ मिलिमीटर आणि त्याच्या बाजूच्या भिंतीची उंची ११२. २२५/४५ आर १८ घेतला तर व्यास ६६० आणि भिंत १०१. स्पीडोमीटरला अर्धा टक्काही फरक नाही. २३५/३५ आर १९ घेतला तर भिंत फक्त ८२ उरते, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तीन सेंटिमीटर रबर कमी. सोलापूर-पुणे महामार्गावर एकोणीस चालतील. गाव सोडून फाट्याला वळलात की पहिला खड्डा रिमची कड वाकवेल. मी १८ वर थांबलो आणि त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

टायरचा भार-आकडा मूळपेक्षा कमी घेऊ नका. १७ च्या टायरवर ९४ असतं, म्हणजे एका टायरला ६७० किलो. १८ मध्ये ९१ चे टायर स्वस्त दिसतात, पण ते ६१५ किलोचे. ९५ चा एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, टायर मागा, तो ६९० किलोचा. रिमच्या मागेही किलोमध्ये क्षमता कोरलेली असते, सोबत जेडब्ल्यूएल, व्हीआयए अशा जपानी मानकांच्या खुणा असतात. क्षमतेचा आकडाच नाही अशी रिम कितीही देखणी असली तरी सोडून द्या. रन-फ्लॅट टायर (हवा गेल्यावरही थोडं अंतर चालणारे) चालू ठेवायचे असतील तर रिमच्या आत त्यांच्यासाठीचा उंचवटा आहे का, हेही विचारा.

एक्सड्राइव्ह, क्वाट्रो, फोरमॅटिक अशा चारही चाकं ओढणाऱ्या गाड्यांना पुढे-मागे वेगळी मापं लावताना टायरच्या व्यासात फरक राहू देऊ नका. चारही टायर एका वेळी, एकाच कंपनीचे घ्या. नाहीतर ताकद वाटणारा गिअरबॉक्स सतत झिजत राहतो आणि त्याचा खर्च चाकांच्या कितीतरी पट असतो.

टायर चढवण्याआधी रिकामी रिम लावून बघा

दुकानदाराशी आधीच बोलून घ्या, कारण टायर चढवलेली रिम कुणी परत घेत नाही. रिकामी रिम रिंगसकट हबवर बसवा, दोन बोल्ट हाताने लावा आणि फिरवा. आऱ्यांची आतली बाजू आणि ब्रेक कॅलिपर (ब्रेकची पॅड दाबणारा भाग) यांच्यात निदान ३ मिलिमीटर फट हवी. ही फट ऑफसेटच्या गणितात कुठेच येत नाही. ती आऱ्यांच्या आकारावर असते, म्हणून ती डोळ्यांनीच बघावी लागते. बॅलन्सिंगची चिकटवायची वजनं कुठे येणार तेही पाहा, नाहीतर पहिल्याच वळणावर कॅलिपर ती खरवडून टाकतो.

जुनी रिम घेत असाल तर बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवून काठ डुलतो का ते पाहा आणि आतल्या पिंपासारख्या भागावर बोट फिरवा. रंगाखाली बारीक रेघ लागली तर ती चीर असू शकते. तापवून, ठोकून सरळ केलेली रिम मी कुणालाही घेऊ देत नाही.

बसवण्याचा दिवस

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून घ्या. बोल्ट आधी हाताने, मग ताऱ्याच्या क्रमाने, एकाआड एक. शेवटचा पीळ टॉर्क पान्याने, एफ३० ला १४० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने कड्-कड् करून सोडून देणाऱ्याला थांबवा. आमच्या अलाइनमेंटवाल्या अण्णांना मी पहिल्यांदा टॉर्क पाना मागितला तेव्हा ते म्हणाले, "एवढं कशाला मालक, गनने झालंय की." आता तो पाना त्यांच्या भिंतीवर टांगलेला असतो आणि लक्झरी गाडी आली की न सांगता खाली येतो.

लगेच चार मोठी माणसं गाडीत बसवून जवळचा एखादा उंच गतिरोधक हळू पार करा. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी मागे घ्या. कान उघडे, खिडक्या उघड्या, गाणी बंद. नंतर टॉर्च घेऊन लायनरवर आणि फेंडरच्या आतल्या कडेवर ताजी घासण शोधा. ८०-१०० किलोमीटर चालवल्यावर, गाडी थंड असताना, बोल्ट परत टॉर्क पान्याने तपासा. तुळजापूरला जाऊन आलात की तेवढे होतात.

विमा कंपनीला नवीन चाकांची लेखी कल्पना द्या आणि बिल जपून ठेवा. अपघातानंतर क्लेमच्या वेळी नोंद नसलेल्या चाकांवरून वाद घालण्यापेक्षा आत्ता एक ई-मेल केलेला बरा.

आणि डिकीत स्टेपनी असेल तर तिच्याजवळ कंपनीचे मूळ पाच बोल्ट एका पिशवीत बांधून ठेवा. नव्या अलॉयचे बोल्ट त्या चाकाला चालतीलच असं नाही, मर्सिडीज आणि ऑडीत तर बहुधा नाहीच. रात्री अकरा वाजता टेंभुर्णीच्या पुढे पंक्चर झालं आणि ती पिशवी घरी राहिली असेल, तर स्टेपनी जवळ असूनही बसवता येणार नाही.